पस्तीस मिलिमीटर

रबाळ्यात, पावडर कोटिंगवाल्याच्या शेजारी आमचं शटर.
आत एकच लिफ्ट, तीही चढताना कण्हणारी.
प्रज्योत म्हात्रे, गाव घणसोली,
तिसऱ्या हाताची जर्मन गाडी घेऊन आला,
ओल्या मिठागराच्या रंगाची.
चाक आणि कमान यांच्यामध्ये चार बोटं घालून दाखवली,
सोनाराला अंगठीचं माप द्यावं तशी.
म्हणाला, इथे एकच बोट जायला पाहिजे.

खोक्यात चार लाल स्प्रिंगा, शिपिंगची चिठ्ठी अजून लटकलेली.
पस्तीस मिलिमीटर खाली.
माझ्या लेकीच्या पट्टीवर बघितलं तर
खोडरबराएवढं अंतर.
एवढ्यासाठी माणूस तीन पगार देतो.

जुनी स्प्रिंग झोपलेली वाटते, झोपलेली नसते.
कंप्रेसरचे पंजे समोरासमोर लावायचे,
एक आटा इकडे, एक आटा तिकडे,
आणि तोंड बाजूला ठेवायचं.
उस्ताद सरफुद्दीनभाईंना पुढचे तीन दात नव्हते.
स्प्रिंग म्हणताना हवा निसटायची,
म्हणून ते तिला नुसतं 'ती' म्हणत.

त्यांनीच शिकवलं होतं:
गाडी हवेत असताना हाताचे बोल्ट शेवटपर्यंत पिळू नकोस.
खाली आण. चाकांवर उभी कर.
तिचं वजन तिला कळू दे, मग पीळ.
नाहीतर आतलं रबर जन्मभर
जुन्या उंचीकडे ओढ घेतं
आणि एक दिवस फाटतं, तेही हायवेवर.

गाडी खाली आली. प्रज्योत उकिडवा बसला.
दीड बोट.
अजून बसेल, मी म्हटलं, तीनशे किलोमीटर चालव.
जुन्या स्प्रिंगा गोणीत बांधून दिल्या, पासिंगला लागतील म्हणून.
मोकळ्या झाल्यावर त्या हातभर लांब झाल्या होत्या,
गोणीचं तोंड बांधता येईना.

रविवारी त्याचा फोन. दादा, घरी या, अडकली.

घणसोली गावात रस्ता दरवेळी वरून नवा होतो, खरवडत कोणीच नाही.
म्हात्र्यांच्या दाराला पूर्वी तीन पायऱ्या चढायच्या होत्या,
आता दोन उतरायच्या आहेत.
त्या उतारावर गाडी नाक टेकून उभी,
मागचं चाक रस्त्यावर, मागे रिक्षांचा हॉर्न.

ओट्यावर त्याचा बापूस, रोहिदासशेठ,
गुडघ्याला पट्टा, हातात चहा.
'भराव टाकून रोड वर केला, घर खाली रेलं,
ना आता गारी पन खाली?'
प्रज्योत काही बोलला नाही. चावीशी खेळत राहिला.

मी जॅक काढायला वळलो
तेवढ्यात म्हातारा पडवीत गेला
आणि होडीच्या दोन फळ्या ओढत घेऊन आला,
डांबर लागलेल्या, कडेला अजून कालवं चिकटलेली.
एक इकडे सरकवली, एक तिकडे.
मग गाडीपुढे उभा राहिला, मागे मागे चालत,
तळहात खाडीतल्यासारखा हलवत:
डावी. डावी. राव दे. आता सोर.

प्रज्योतनं सोडली.
कुठेही घासलं नाही.
बंपर पायरीच्या इतका जवळून गेला
की माझाच श्वास आत राहिला.

रोहिदासशेठ वाकले, दुखरा गुडघा धरून,
गाडीच्या पोटाखाली हात घातला,
बोटं मोजली.
'चार बोटां पानी हाय,' म्हणाले. 'ओहोटीला नको आनू.'

प्रज्योत हसला की नाही, बघितलं नाही.
मी मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झालो होतो,
रबर किंचित कुरकुरत होतं,
पाना लावला.
गाडी उभी होती, तिच्याच वजनावर.
वरून कोणीतरी विचारत होतं, चहात साखर किती.