तुटक रेघ

केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात
साडेचारलाच दिवस मिटतो.
मर्डिनाच्या टेबलावर बटाट्याची सालं, लॅपटॉप,
आणि पडद्यावर रॉरी मॅकफीचं घर,
डब्याचं झाकण काढावं तसं छप्पर काढून ठेवलेलं.

मधली भिंत पाड, तो म्हणाला होता.
तिथे तुळई घाल. चांगली जाड.
तुळईच्या वरचा तिकोन मात्र राहू दे,
पार आढ्यापर्यंत.
का, ते तिनं विचारलं नाही.
गावात कुणीच विचारलं नसतं:
एकतीस वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे रॉरी,
पलीकडे हेक्टर,
दोन चुली, दोन धुराडी, दोन पत्रपेट्या,
एका आईचे दोन मुलगे,
शेवंडांच्या एका परवान्यावरून.
हेक्टर एप्रिलात गेला.
त्याचा शेवटचा खोकला भिंतीनं ऐकला.
रॉरीनंही.

तर, तुळई.
तुळई काढणं सोपं. दोन टिचक्या, की ती आडवी पडून राहते.
तिच्यावर भिंत उभी करायला गेलं की पंचाईत.
या प्रोग्रॅमच्या भिंती जमिनीतून उगवतात, गवतासारख्या.
पाय न टेकलेली भिंत त्याला ठाऊकच नाही.
तिनं बूड आठ फुटांवर उचललं,
भिंत गुल.
छपराला सांगितलं, तू तरी धर;
ते दोन्ही पाखी पसरून ढिम्म,
आणि मधल्या तिकोनातून करडं,
कुठल्याच ऋतूचं नसलेलं आभाळ.
एकदा तर तिकोन उगवला आणि तुळईच गेली.
शे-दोनशे फळ्या अधांतरी,
एक खिळा कुरकुरला नाही.
तिनं माऊसनं घर फिरवलं.
घर फिरलं की वासेही फिरतात;
फिरले सगळे, निमूट.

सातच्या सुमाराला युक्ती सापडली.
भिंत काढायची पूर्ण, जमिनीपासून आढ्यापर्यंत,
जशी होती तशी.
मग तुळईखालच्या भागाला सांगायचं:
तू अस, पण दिसू नकोस.
ती दिसेनाशी झाली. वर तिकोन ठाम.
नकाशावर उरली एक तुटक रेघ.

शनिवारी रॉरी आला, बूट दाराशी काढून.
चष्मा विसरलेला, म्हणून नाक पडद्याला.
हे तुटक काय?
डोक्यावर असतं ते असं दाखवतात, ती म्हणाली.
त्यानं रेघेवरून बोट फिरवलं,
प्रत्येक तुटीला जरा थांबत.
आणि तुळई कशावर टेकलीय?
मर्डिनाचे कान लाल. मेढी राहूनच गेल्या होत्या.
दोन दे, तो म्हणाला. स्प्रूस नको, ओक.
एक समुद्राकडे, एक रस्त्याकडे.
याला वजन कळत नसेल, मला कळतं.

तिनं बाणाची कळ दाखवली:
ही दाबली की आत चालता येतं.
तो चालला. आपली चूल. आपली खुर्ची.
तुळईखाली आला आणि पुढे जाईना.
कळ दाबून धरली, तरी पाऊल हलेना.
समोर सगळं मोकळं, हेक्टरची खिडकी,
खिडकीत प्रोग्रॅमनं लावलेलं ऊन.

लपवलेली भिंत अडवतेय, ती म्हणाली,
एक मिनिट, दुरुस्त करते.
घाई नाही, तो म्हणाला.
कळ सोडली नव्हती.

शेगडीवर चहा फार वेळ उकळत होता.
ती उठली, आच बारीक केली,
कप विसळले.
परत आली तेव्हा तो तिथेच होता, तुळईखाली,
बोट कळीवर, तसंच.