सतरा नंबर

गुडघ्यांनी सांगितलं, आता वाकणं बंद.
मग जमीनच वर घ्यायची ठरवली,
अडीच फूट.
पुरात उखडलेल्या ओट्याच्या शहाबादी फरशा
तेव्हापासून भिंतीला टेकून होत्या,
बस म्हणायचं राहून गेलेल्या पाहुण्यांसारख्या.
त्या उभ्या केल्या. कोपऱ्यांना अँगल,
नटबोल्ट दुकानातल्याच डब्यातले.
तळाला उसाचं पाचट, त्यावर शेणखत,
आणि वर तोच गाळ,
जो घरातून काढताना
नदीला आईवरून शिव्या दिल्या होत्या.

चार वाफे झाले.
भिंतीवरची पुराची रेघ त्यांच्या काठाहून
आणखी दोन हात वर आहे.
काम करताना मी तिच्याकडे पाठ ठेवतो.

मुळा उगवला. मेथी. पलीकडे डिग्रजची काटेरी वांगी.
आठव्या दिवशी मुळ्याला पानंच नव्हती,
नुसते देठ, सोललेल्या वायरीसारखे.
फरशीवर चंदेरी रेघा.
रात्री बॅटरी घेऊन गेलो तर ह्या,
मुठीएवढ्या, सावकाश, एकमेकींच्या पाठीवर.
गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात.
म्हण करणाऱ्याचा मुळा कुणी खाल्ला नसावा.

गुळाच्या पाण्यात पोतं भिजवून पसरलं.
पहाटे त्याखाली चौसष्ट.
बादलीत घेतल्या, मिठाची पिशवी दातानं फोडली,
तेवढ्यात भिंतीपलीकडून पद्मिनीअक्का मगदूम:
"काय करायलास रे मिस्त्री?"
तिचा चातुर्मास. सूर्य बुडायच्या आत जेवण,
पाणी उकळून, पालेभाजी बंद,
आणि मुळा तर तिनं जन्मात खाल्लेला नाही.
"ज्याचं तू खात न्हाईस, त्याच्यासाठी माझ्याशी भांडायलीस?"
"मुळ्यासाठी कुठं? बादली दे हिकडं."

दिली. काय करणार.
तिचा नातू प्रीतम रोज सकाळी सायकलला बादली अडकवून
ओढ्यापल्याड, बाभळीत सोडून यायचा.
आठवडाभर आकडा काही उतरेना,
तेव्हा मला संशय आला.
चाळीस वर्षं पाण्यातल्या मोटरी भरल्या मी,
जळालेली प्रत्येक मोटर आली की आधी नंबर टाकायचा,
मग उघडायची.
तोच पांढरा ऑइलपेंट, तोच बारका ब्रश.
एक ते तीस. वाळेपर्यंत बादली उन्हात नाही ठेवली,
तेवढं अक्काचं ऐकलं.

मधल्या काळात जुन्या वाइंडिंगची तार काढली,
वॉर्निश जाळून, घासून, पिवळीधमक केली
आणि वाफ्यांभोवती चार पदर गुंडाळले.
तांब्यावरून जाताना म्हणे त्यांना झिणझिण्या येतात.
मावा कडूनिंबाच्या अर्कानं हटला होता,
वांग्याची शेंडे-अळी हातानं खुडत होतो
(हे अक्काला सांगितलेलं नाही).

पाचव्या रात्री फरशीवर, तांब्याच्या वीतभर खाली,
एकटीच.
बॅटरी जवळ नेली. सतरा.
ओढा, बाभळी, शाळेमागचा रस्ता,
दूधसंकलनाच्या गाड्या,
हे सगळं पोटावर करून आली होती,
आणि आता शिंगं बाहेर काढून
तारेचा अंदाज घेत होती.

सकाळी भिंतीवरून बादली देताना म्हणालो,
"एकतीस. सतरा नंबर परत आलीया."
अक्का हसली नाही.
"येणारच की. पूर ओसरल्यावर
सरकारनं माळावर जागा दावली हुती,
तू गेलास काय?"

मी घेवड्याच्या शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या.
प्रीतमनं सायकल काढली.
"सतराला जरा लांब सोड," मी म्हणालो,
मग वाटलं, किती लांब ते सांगायला हवं होतं,
पण तो वळणावरून गेला होता,
बादलीचं झाकण वाजत.