उजवी नाकपुडी

गिरमल्लशेटच्या कोठीवर
कठड्याला पाठ टेकून आठ बायका उभ्या आहेत.
प्रत्येकीच्या हातात चुन्याचा दिवा,
दिव्यात पारव्यांच्या काड्या.
खाली घरपट्टीची खिडकी, रांग,
आणि परातीत भाजायला टाकलेल्या शेंगांसारखं
चैत्रातलं सोलापूर.

शेटने सरकी विकून हे उभं केलं म्हणतात.
विलायती चित्रांचं पुस्तक मागवलं होतं.
खांबांवर जी पानं काढायची
ती गवंड्याने जन्मात पाहिली नव्हती.
त्याने ज्वारीची कणसं काढली,
हुरड्याला आलेली, दाणा न् दाणा.
जिना बर्मी सागाचा, कमानी विजापूरकडच्या,
रंगीत काचेतून सकाळी
आवक-जावकच्या टेबलावर एक लाल चौकोन पडतो.
कारकून त्याच्यावर फाईल ठेवतो.

पावसाआधी काम संपवा, असा आदेश.
मी परांचीवर, हातात खरवडणी:
पांढरा थर, पिवळा, कुठल्याशा निवडणुकीचा निळा,
पुन्हा पांढरा.
तळाचा चुना ओला केला की अजून गुळाचा वास येतो,
नरसय्या गड्डम म्हणतो.
मला येत नाही.

"तिसरी आमची पणजी, मॅडम.
पोर काखेत घेऊन चुना मळायची.
मिस्त्रीने बघून बघून केली."

दुसऱ्या दिवशी चहावाला बंडय्या:
पाचवी त्यांच्या घरातली, हनुवटी बघा.
मग खिडकीतून रजियाबी, पावती फाडता फाडता:
दुसरी. तिची नानी पखालीने पाणी द्यायची इथं.

मी कानामागची रेघ पाहिली होती,
केसाएवढी.
साचा एक, ओतकाम आठ.
सांगितलं नाही.

आठवी कोपऱ्यात, किल्ल्याकडे तोंड करून.
तिच्यावर हक्क सांगायला कुणी आलं नाही,
तिथं ऊनही फार आणि पारवेही.
थर उतरला तेव्हा
उजव्या नाकपुडीत एक भोक निघालं.
ऊन-पावसाचं नव्हे. कडा आत वळलेल्या,
चुना ओला असताना कुणी तार घातलेली.

"इकडं डावीकडं टोचतात," मी म्हणाले.
नरसय्या बराच वेळ गप्प.
"आमच्यात उजवीकडं."
खालून बंडय्या ओरडला, "आमच्यात दोन्हीकडं!"
रजियाबीने खिडकी बंद केली नि बाहेर आली,
रांगेतली माणसंही मान वर करून
आपापल्या आज्यांची नाकं आठवू लागली.
जेवणाची सुट्टी झाली तरी वाद मिटेना.

कंत्राटातलं कलम अकरा:
मूर्तींवरील सर्व छिद्रे बुजवावीत.
नरसय्याने थापी भरून माझ्याकडे पाहिलं.
उन्हात चुना पटकन सुकतो.
त्याने तो सातवीच्या कोपराला लावला,
जिथं गरज नव्हती.

संध्याकाळी अहवालात लिहिलं:
मूर्ती क्रमांक आठ. नाकाजवळ छिद्र एक.
पाणी झिरपत नाही.