घट

फाइल बांधायची तर आधी बाप एक करून घ्यावा लागतो.
पासपोर्टवर हणमंत,
दहावीच्या सर्टिफिकेटवर हनुमंत,
आणि त्रिशूरच्या जन्मदाखल्यावर,
एकमेकांच्या पायात पाय घालून बसलेल्या
गोल गोल अक्षरांत,
हनुमंतन.

विट्यात तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसलेले
नदाफ वकील चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
म्हणजे तिघं जण?
एकच, मी म्हटलं.
मग तसं द्या लिहून, पाचशेच्या स्टॅम्पवर.
आप्पांनी लिहून दिलं:
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
सही करताना मात्र पेन हवेतच राहिलं.
ह्यातल्या कुठल्या नावानं करू?

फोटोवाला म्हणाला, कान दिसू द्या. हसायचं नाही.
मी नाही हसले.

खात्यातले पैसे अठ्ठावीस दिवस हलता कामा नयेत.
विरजणासारखे. धक्का न लावता.
आईची बोरमाळ आप्पांनी स्वतःच मुशीत घातली,
दुसऱ्या कुणाच्या भट्टीवर नको म्हणाले.
आई पाणी आणायला म्हणून आत गेली
ती तेविसावा दिवस उजाडला तरी
त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही.

हाच विषय का निवडला, हजार शब्दांत लिहा.
धातुशास्त्र.
कसं लिहू, की गलाईच्या दुकानाच्या माळ्यावर
मी तेजाबाच्या वासात पाढे पाठ केले,
की आप्पा दगडावर रेघ ओढून नुसत्या नजरेनं टंच सांगायचे
आणि मशीन नंतर तेच सांगायचं,
थोडं लाजत.
सांगलीच्या मॅडमनी हे सगळं खोडलं.
'लहानपणापासून आवड' एवढं ठेवलं.

गेल्या दहा वर्षांतले परदेश प्रवास: निरंक.
आमच्यात चुलते सिलचरला, आत्या सेलमला,
मामेभाऊ कटकला,
लेंगऱ्याच्या यात्रेला सगळे जमले
की आमच्या अंगणात पाच भाषांत भांडणं होतात
आणि मिटतात मराठीत.
आप्पा सोळाव्या वर्षी गेले ते मिरजेहून रेल्वेनं,
खिशात एसटीच्या तिकिटामागं लिहिलेला पत्ता.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं
परत येणार कशावरून.

मला विचारतील, मॅडम म्हणाल्या. तयार राहा.
पुरावा काय आहे?
सातबारा आहे, इंग्रजी करून, शिक्का मारून.
बाकी, लेंगऱ्यात बांधलेलं दोन मजली घर आहे,
वर्षातले अकरा महिने कुलूप.
तिकडच्या साहेबाला कुलूप म्हणजे रिकामं घर वाटेल.
आमच्याकडं कुलूप म्हणजे
किल्ली कुणाच्या तरी करगोट्याला आहे.
ह्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो,
नदाफ वकिलांनाही ठाऊक नाही.

क्षयाची तपासणी. एक्सरे. श्वास धरून ठेवा.
आप्पा बाहेर बाकावर,
चाळीस वर्षांचा धूर रुमालात खोकत.
बाहेर आल्यावर हळूच विचारलं,
माझी छाती नाही ना बघत?
नाही आप्पा, फक्त माझी.
मग काही भ्या नाही, म्हणाले,
आणि उसाचा रस पाजला, बिनबर्फाचा.

काल रात्री फाइल पूर्ण झाली.
एकशे चौदा पानं, खुणेच्या चिठ्ठ्या लावून.
आई झोपली होती, किंवा तशी पडली होती.
आप्पांनी फाइल उचलली, पान उलटलं नाही,
सरळ तराजूवर ठेवली.
सहाशे एक्केचाळीस ग्रॅम, म्हणाले.
मग बराच वेळ काटा बघत राहिले.
धंद्यात गिऱ्हाइकाला पहिल्यांदा जे सांगून टाकायचं असतं
ते त्यांनी मला विचारलं,
खालच्या आवाजात,
जणू मला माहीत असणार:

आणि ह्यात
घट किती धरायची?