विसावा गोल

इडवालच्या उजव्या कानाने
तीन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला.
डावा अजून कामावर येतो, पण उशिरा.
म्हणून भिंत वाजवायचं काम माझ्याकडे.

करणी उलटी धरायची,
मुठीने वीत-वीत सोडून ठोकत जायचं.
घट्ट गिलावा 'टक्' म्हणतो आणि गप्प बसतो.
सुटलेला गिलावा 'ठब्ब' म्हणतो,
रिकाम्या बिस्किटांच्या डब्यासारखा.
तिथे मी खडूने गोल काढते.

मिसेस प्रॉदरोंच्या पुढच्या खोलीत
शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणीस गोल झाले.
त्या चहा घेऊन आल्या आणि मोजत उभ्या राहिल्या.
"एवढे? मला वाटलं, कपाटामागचा एकच."
कपाटामागचा त्यांना ठाऊक होता.
म्हणून तर कपाट तिथे होतं.

घर वेल्समधलं, दगडी,
कार्डिगनच्या उपसागराकडे तोंड करून उभं.
इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो,
दार सोडून थेट भिंतीशी बोलतो.
दोनशे वर्षं भिंत भिजली, वाळली,
भिजली, वाळली,
त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.
मग कुणी शहाणा आला,
त्याने बाहेरून सिमेंट थापलं, कायमचा बंदोबस्त.
एका बारीक भेगेतून ओल आत आली
आणि घरजावई झाली.

जोत्यापाशी लोणा फुलला होता, पांढरा, मऊ.
मी बोट लावून जिभेवर ठेवलं.
"चाखू नकोस, टेगवेन," इडवाल म्हणाला
आणि स्वतः चाखून बघितलं.

"वरून एक हात मारला तर?"
मिसेस प्रॉदरो कपबशीकडे बघत म्हणाल्या.
रविवारी मुलगा येणार होता, बरोबर घरं विकणारा एजंट.
त्यांनी हे दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा डाव्या कानापाशी येऊन.

"मारता येईल," इडवाल म्हणाला.
"जाड थर, वर रंग. मार्चपर्यंत छान दिसेल.
एप्रिलमध्ये जो इथे राहत असेल
त्याला कळेल."
आवाजात टोमणा नव्हता.
हवामान सांगावं तसं सांगितलं त्याने,
आणि बिस्किट बुडवलं.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग कप खाली ठेवला, कपाटाला खांदा लावला
आणि एकट्याच ढकलू लागल्या.
आम्ही धावेपर्यंत ते वीतभर सरकलं होतं.

शनिवारभर छिन्नी.
एक पोपडा दाराएवढा निघाला,
पाठीमागे दगड काळा, ओला,
झोपेतून उठवल्यासारखा चिडलेला.
धूळ चहात, धूळ केसांत,
भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर चादर.
इडवाल छिन्नी चालवतानाच बोलतो,
पाणी शत्रू नव्हे, त्याला परतीची वाट लागते, वगैरे.
अर्धं मला ऐकू येत नाही,
माझं उत्तर त्याला.

रविवारी एजंट आला म्हणे,
नागड्या दगडासमोर नव्या बुटांत उभा राहिला,
"कधी आटपेल?" म्हणाला.
"चुन्याला विचारा," मिसेस प्रॉदरो म्हणाल्या.
मुलगा हसला नाही.

सोमवारी चुना कालवला,
वाळू, घोड्याचे केस, आणि थांबणं,
यातलं थांबणं दुकानात मिळत नाही.
भिंतीला आधी पाणी पाजलं.
पहिला हात मारणार, तेवढ्यात इडवालने
मी शाबूत म्हणून सोडलेल्या पट्ट्यावर
तळवा टेकवला, डोळे मिटले.
"वाजव."

मी ठोकत गेले. टक्. टक्.
दिव्याच्या बटणाखाली त्याचा अंगठा हलला.
"पुन्हा."
मला 'टक्' ऐकू आलं होतं.
त्याच्या हाताला नाही.

शुक्रवारी इथेच मी घाई केली होती,
चहा आला म्हणून.

त्याने काही म्हटलं नाही, खडू पुढे केला.
मी विसावा गोल काढला,
बाकीच्यांपेक्षा जरा लहान,
आणि त्याने तो पुसून
खऱ्या मापाचा काढला.