पाणचाक

पहाटे तीनला, गोठवलेल्या पात्याखाली
एका पोराच्या मांडीचा तुकडा, वाटाण्याएवढा.
वय एकोणीस. नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा.
अर्जावर डॉक्टरांचं गिचमिड अक्षर:
जेनकिन रोडचा चढ सायकलवरून चढायचा,
आता घरातल्या जिन्यात मधल्या पायरीवर बसतो.

मी रंग घालतो.
चाकं फिरत असतील तिथे तपकिरी,
थांबली असतील तिथे निळा.
तासभर काही करता येत नाही.

डबा उघडतो. लोर्नाने दिलंय
ब्रेडमध्ये बटाट्याच्या तळलेल्या फोडी, वर काळं रेलिश.
शेफील्डला वाटतं, ही त्यांचीच करामत.
मी बोलत नाही काही.
पावात बटाटा कोंबणाऱ्या मुलखातून आलोय मी.

घास उतरतो. जठराग्नी, म्हणायची आई,
पेटला की बरं. आणि मला खरंच वाटायचं, पोटात
कारखान्याचा बॉयलर आहे, चिपाडं गिळणारा.
ती वजनकाट्यावर होती, साखर कारखान्यात,
उसाच्या गाड्या तोलायची दिवसभर.
हे शहरही आगीचंच. भट्ट्या, ओतलेलं पोलाद,
म्हाताऱ्यांच्या हातांवर ठिणग्यांचे डाग.

पण पेशीत ज्वाळा नाही.
सदतीस अंशांवर काय पेटणार?
साखरेचे दोन तुकडे होतात, उंबऱ्याबाहेरच.
हाती पडते दोन नाण्यांची चिल्लर.
मग आत, दुहेरी भिंतीच्या खोलीत,
अंगावरचं एकेक उतरवून घेतात तिच्या.
कोळसा जातो उच्छ्वासातून, ही काच धुरकटते आहे तोच.
इलेक्ट्रॉन हातोहात, हातोहात, खाली खाली,
शेवटी उभ्या प्राणवायूपर्यंत.
तो करत काहीच नाही. घेतो फक्त.
आणि घेणारा नसला
की सगळी रांग जागच्या जागी उभी.

दर हातबदलीला थोडं पाणी
(प्रोटॉन म्हणायचं खरं, पण मला पाणीच दिसतं)
भिंतीपलीकडे उपसलं जातं.
पोर्टर नदीवर असं एक चाक आहे अजून.
तळं वर, चाक खाली, मधे फळी.
फळी उचलली की पाणी कोसळतं, चाक फिरतं,
आत पूर्वी सुऱ्यांना धार लागायची.
आपल्यात सेकंदाला शंभर फेऱ्या,
फेरीला तीन नाणी, लगेच खर्च.
साठवायला जागा नाही. अंगात असतात
मूठभर. दिवसभरात त्यांचीच उलाढाल
आपल्या वजनाइतकी.
एवढं कशासाठी? पापणी मिटायला. हे वाक्य आठवायला.

गेल्या रविवारी वॉकलीच्या चढावर
एडना माझ्यापुढे, ब्याऐंशीची, दोन हातांत दोन पिशव्या.
तरुणपणी चमचे घासून चकाकवायची,
अंगाला वर्तमानपत्र गुंडाळून.
धाप मलाच लागली. विचारलं, कुठून येतं हे?
न्याहारी केली होती, म्हणाली.

ही चाकं आईचीच चालत येतात.
बापाची दारातच मोडून टाकतात.
शाल्मलीला मी नाक दिलं, आडनाव दिलं,
लवकर रडू येणं दिलं.
चाक एकही नाही.
ती पळते ते एडनाच्या, एडनाच्या आईच्या,
कुठल्या तरी चमचे घासणाऱ्या बायकांच्या जोरावर.
आणि काट्यावरच्या बाईची चाकं
माझ्यापाशी येऊन थांबतात. बहीण नाही मला.
वाईट वाटावं असं नाही यात.
तरी वाटतं.

तास झाला. भिंगाखाली
तपकिरी, तपकिरी, निळा.
तपकिरी, निळा, निळा.
दोनदा मोजतो. शंभरात एकवीस.

अर्जाच्या तळाशी पोराच्या आईचा फोन नंबर.
तिला बोलावतील. ती विचारेल,
माझ्याकडून?
उत्तर द्यायचं काम माझं नाही, बरंय.

उरलेला अर्धा पाव गार झालाय, खातो.
पाळी संपायला अजून तीन तास,
आणि बस स्टॉपपर्यंत चढ आहे.