चांदणी नाही

प्रभात रोडवरचा बंगला पाडायला काढला, तेव्हा
जर्मन शिकवणाऱ्या बाईंची बारा खोकी
टेम्पोतून आमच्या वाचनालयात आली.
ग्रंथपाल सावनूरकर म्हणाले, तुम्हाला येतं ना?
येतं म्हणजे, पंचाहत्तर साली दोन वर्षं
संध्याकाळच्या वर्गाला जायचो,
चिंचवडच्या कारखान्यात दुभाषी होईन म्हणून.
झालो जकात कारकून. शेवाळवाडी नाका, रात्रपाळी.
जकात उठली त्याच साली मीही उठलो.
आता मंगळवार-शुक्रवार इथे कार्डं लिहितो, चहावर.

सातव्या खोक्यात हा भेटला.
योहान आडाम क्रेट्शलर, मिठावरच्या कराचा अंमलदार,
जन्म सतराशे एकतीस. निवडुंगासारखी काटेरी अक्षरं,
भिंगाखाली एकेक सोलून काढावी लागतात.
प्रस्तावना जावयाची, दीड पानाची;
तीत सासरा कमी, कागदाचा भाव जास्त.
एवढं कळतं: दिवसा गोण्या तोलायचा,
रात्री याद्या करायचा.
त्याच्या भाषेत तोवर छापलेलं कवितेचं प्रत्येक पुस्तक,
कुणाचं, कुठे छापलं, किती पानं.
विधवांना पत्रं लिहायचा, पाद्र्यांना लिहायचा,
आपल्या यजमानांच्या फडताळात अमुक आहे का, कृपया पाहावे.
जे स्वतःच्या हातात धरलं त्याच्यापुढे चांदणी.
जे नुसतं ऐकलं, त्याच्यापुढे कोरी जागा.
चार खंड, हजारो नावं.
त्यातली बहुतेक आज फक्त त्याच्याच यादीत जिवंत असतील.

मला तो आवडला, खोटं कशाला बोलू.
जावयाने त्याची एकच ओळ दिली आहे:
दमट हवेत मीठ जड होतं,
हे वर कळवायचं तर कोणत्या रकान्यात?
मी भिंग खाली ठेवलं.
पावसाळ्यात कांद्याचे ट्रक यायचे,
ताडपत्री गळायची, काटा जास्त दाखवायचा,
ड्रायव्हर म्हणायचा, साहेब, हे पाण्याचे पैसे आहेत.
मी पावती फाडायचो.

मग मी क काढला.
कुणीही काढला असता.
क्रेट्शलर, यो. आ. : कविता. ऐंशी पानं. स्वखर्चाने.
पुढे चांदणी नाही.

जळल्या असतील प्रती. कर्जापायी विकल्या असतील रद्दीत.
किंवा त्यानेच बंबात घातल्या असतील
आणि नियम म्हणजे नियम,
आज हातात नाही, तर नाही.
किंवा खिळे जुळवणाऱ्याची चूक.
मी चार दिवस यावर झोपलो नाही नीट.
सुलभा म्हणाली, तो मेला त्याला दोनशे वर्षं झाली,
तुम्ही गोळी घ्या.

शुक्रवारी, सगळे गेल्यावर,
मी माझं काढलं. मराठी कविता, खालचा कप्पा,
वहीच्या पुठ्ठ्याएवढं जाड, चौसष्ट पानं,
तीनशे प्रती, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन.
दोनशे चाळीस अजून कॉटखाली आहेत.
मागच्या चिठ्ठीवर एकच शिक्का:
चौदा सप्टेंबर शहाण्णव, सभासद चारशे सतरा.
परत आल्याचाही शिक्का होता, अठ्ठावीसला.
चौदा दिवस पुरे ठेवलं होतं कुणीतरी.

सभासदांची जुनी वही काढली.
तीनशे ऐंशीपासून पुढे वाळवी.
हातात पिठासारखा कागद आला, त्याला कडू वास.

सावनूरकरांनी विचारलं, अजून दिवा चालू?
म्हटलं, एक कार्ड राहिलंय.
नाव लिहिलं, पानं लिहिली, स्वखर्चाने असंही लिहिलं.
पुस्तक तर डाव्या हातातच होतं.
पेन टेकवलं, शाईचा बारीक ठिपका पडला.
त्याला कोपरे काढायचे की पुसायचं,
ते मंगळवारी बघू.